महाराष्ट्रातील कबड्डीमधील आर्थिक विषमता आणि स्पर्धात्मक समतोल

कबड्डी हा अत्यल्प साधनांत खेळता येणारा सांघिक खेळ म्हणून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत रुजला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शासकीय व औद्योगिक आस्थापनांचे संघ, त्यानंतर कृत्रिम मॅट आणि २०१४ पासून प्रो कबड्डी लीग यांमुळे या खेळात पैशाचा ओघ वाढला. हा ओघ सर्व स्तरांवर सारख्या प्रमाणात पोहोचला नाही. त्यामुळे संघासंघांतील, खेळाडूखेळाडूंतील आणि शहर व ग्रामीण भाग यांमधील अंतराचा प्रश्न पुढे आला. प्रस्तुत लेखात या विषमतेचे स्वरूप, ती आटोक्यात ठेवण्यासाठी योजलेले नियम आणि त्या नियमांच्या मर्यादा यांचा परिचय दिला आहे. ग्रामीण उदाहरण म्हणून रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर या तालुक्यांचा, विशेषतः शिवथर खोऱ्याचा, विचार केला आहे.

संकल्पना

ज्या स्पर्धेत कोणता संघ जिंकेल याचा अंदाज आधीच बांधता येत नाही, त्या स्पर्धेत स्पर्धात्मक समतोल आहे असे क्रीडा-अर्थशास्त्रात मानले जाते. अमेरिकन अर्थतज्ज्ञ सायमन रॉटनबर्ग यांनी १९५६ मध्ये बेसबॉल खेळाडूंच्या श्रमबाजारावरील निबंधात या विषयाची मांडणी केली. वॉल्टर नील यांनी १९६४ मध्ये खेळाच्या व्यवसायाचे एक वैशिष्ट्य दाखवून दिले. इतर धंद्यांत प्रतिस्पर्धी नाहीसा झाला तर दुकानदाराचा लाभ होतो. खेळात मात्र तुल्यबळ प्रतिस्पर्धी उरला नाही तर विकण्याजोगे काही राहतच नाही. म्हणून दुबळ्या संघाला टिकवून धरण्यात सबळ संघाचेही हित असते.

येथे दोन प्रकारच्या समतांत फरक करणे आवश्यक ठरते. पहिली समता एकाच स्पर्धेतील संघांमधील असते. दुसरी समता त्या स्पर्धेपर्यंत पोहोचू पाहणाऱ्या खेळाडूंना मिळणाऱ्या संधीची असते. पहिली नियमांनी बऱ्याच अंशी साधता येते. दुसरीसाठी क्रीडांगण, प्रशिक्षक, आहार आणि प्रवासखर्च यांची तरतूद करावी लागते. महाराष्ट्रातील कबड्डीच्या संदर्भात या दोहोंची गल्लत वारंवार होताना दिसते.

पार्श्वभूमी

हुतूतू या नावाने परिचित असलेल्या या खेळाला नियमबद्ध रूप देण्याचे कार्य प्रामुख्याने महाराष्ट्रात आणि मराठी भाषकांच्या व्यायामसंस्थांत झाले. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ मध्ये नियम छापून स्पर्धा भरवली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. त्यांत कबड्डीचाही समावेश होता. १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडास्पर्धेपासून या खेळाला पदकाचा दर्जा मिळाला. खेळाच्या संघटनात्मक उभारणीत शंकरराव तथा बुवा साळवी यांचा वाटा मोठा असून त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा केला जातो.

नियमांच्या घडणीत समतेचा विचार आरंभापासून आढळतो. संघात प्रत्यक्ष खेळणारे सातच खेळाडू असतात. प्रौढ गटात खेळाडूच्या वजनाला कमाल मर्यादा असते, कारण पकडीत वजनदार खेळाडूला स्वाभाविक लाभ मिळतो. बाद झालेला खेळाडू आपल्या संघाने गुण मिळवताच पुन्हा मैदानात येऊ शकतो. म्हणजे पिछाडीवरील संघाला सावरण्याची वाट नियमांनीच मोकळी ठेवली आहे. शरीराच्या वजनातील तफावत या खेळाने अशा रीतीने हिशेबात घेतली. आर्थिक तफावतीचा प्रश्न मात्र त्या काळी फारसा उद्भवला नव्हता. मोकळी जागा आणि चुन्याने आखलेल्या रेषा एवढ्यावर सामना होत असे.

मातीकडून मॅटकडे

पुरुषांच्या सामन्याचे क्रीडांगण १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. पूर्वी ते माती चाळून, पाणी शिंपडून व चोपून तयार केले जाई. हे काम गावातील तरुण स्वतःच करीत आणि त्याला श्रमाखेरीज फारसा खर्च येत नसे. आंतरराष्ट्रीय व राष्ट्रीय स्पर्धा मॅटवर होऊ लागल्यानंतर परिस्थिती पालटली. मॅटवर खेळण्यासाठी विशिष्ट बूट लागतात. पायांची पकड, वळण्याचा वेग आणि पडण्याची पद्धत मातीहून वेगळी असते. मातीवर पाय किंचित घसरतो व त्या घसरण्याचा उपयोग चढाईपटू करून घेतो; मॅटवर पाय जागीच धरला जातो, त्यामुळे सराव नसलेल्याच्या घोट्यावर व गुडघ्यावर ताण येतो.

मॅटचा संच, तो ठेवण्यासाठी कोरडी जागा आणि शक्य झाल्यास छप्पर असलेले सभागृह यांचा खर्च सामान्य ग्रामीण मंडळाच्या आवाक्यातला नाही. परिणामी, निवड चाचणी मॅटवर आणि वर्षभराचा सराव मातीवर अशी स्थिती अनेक खेळाडूंच्या वाट्याला येते. दोन्ही संघांना नियम एकच लागू असतो, परंतु त्या नियमासाठीची पूर्वतयारी एकालाच करता आलेली असते.

व्यावसायिक आणि स्थानिक संघ

प्रो कबड्डीच्या कितीतरी आधीपासून महाराष्ट्रात पगारी आणि बिनपगारी खेळाडू असा भेद अस्तित्वात होता. रेल्वे, पोलीस दल, बँका, तेल कंपन्या व मोठे कारखाने खेळाडूंना नोकरी देऊन आपले संघ उभारीत. अशा संघातील खेळाडूला मासिक वेतन, सरावासाठी सवलत आणि स्पर्धांसाठी रजा मिळे. गल्लीतील किंवा गावातील मंडळाचा खेळाडू मात्र दिवसभराचे काम आटोपून संध्याकाळी मैदानावर येई.

ही तफावत लक्षात घेऊन मुंबई व परिसरातील स्पर्धांत पुरुषांचा व्यावसायिक गट आणि स्थानिक गट स्वतंत्र ठेवण्याची प्रथा पडली. स्थानिक संघांचीही गुणवत्तेनुसार श्रेणींत विभागणी होते. आर्थिक विषमतेवर महाराष्ट्राच्या कबड्डीने स्वतः शोधलेला हा सर्वांत जुना व साधा उपाय होय. त्यात सबळ संघाचे बळ कमी केले जात नाही, तर समान साधनांच्या संघांना परस्परांशी खेळवले जाते.

राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत मात्र हा भेद नाही. तेथे राज्यांचे संघ आणि भारतीय रेल्वे, सेनादल यांसारख्या आस्थापनांचे संघ एकाच स्पर्धेत उतरतात. राज्याला आपल्याच खेळाडूंमधून संघ निवडावा लागतो; रेल्वे व सेनादल यांना संपूर्ण देशातून भरती करता येते. राज्यात घडलेला खेळाडू नोकरी पत्करून राज्याविरुद्धच खेळतो, असे अनेकदा घडते. जानेवारी २०१९ मध्ये ६६ वी वरिष्ठ गट पुरुष राष्ट्रीय स्पर्धा रायगड जिल्ह्यातील रोहा येथे झाली. तिच्या अंतिम सामन्यात भारतीय रेल्वे आणि सेनादल हे दोन आस्थापना संघ समोरासमोर आले व रेल्वेने विजेतेपद मिळवले. त्याच्या आदल्याच वर्षी, जानेवारी २०१८ मध्ये, हैदराबाद येथे महाराष्ट्राने रिशांक देवाडिगा याच्या नेतृत्वाखाली सेनादलाला नमवून दीर्घ खंडानंतर हे अजिंक्यपद पटकावले होते. आस्थापना संघ अजिंक्य नसतात हे त्यावरून दिसते.

नोकरीचा मार्ग खेळाडूच्या दृष्टीने मात्र अन्यायाचा म्हणता येत नाही. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. अल्पभूधारक वा मजूर कुटुंबातील तरुणासाठी कबड्डीतून मिळणारी नोकरी हे घर सावरण्याचे खात्रीचे साधन ठरले आहे. संघासंघांतील समतोल ज्या व्यवस्थेमुळे ढळतो, तीच व्यवस्था खेळाडूच्या कुटुंबाला स्थैर्य देते.

प्रो कबड्डी लीग

प्रो कबड्डी लीगचा पहिला हंगाम २६ जुलै २०१४ रोजी ८ संघांसह सुरू झाला. २०१७ च्या पाचव्या हंगामापासून संघसंख्या १२ झाली. महाराष्ट्रातील यू मुंबा व पुणेरी पलटण हे दोन संघ आरंभापासून या स्पर्धेत आहेत. २०१४ च्या लिलावात राकेश कुमार याला मिळालेली १२ लाख ८० हजार रुपये ही सर्वोच्च बोली होती. २०१८ मध्ये बोलीने १ कोटीचा टप्पा ओलांडला. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावत याच्यासाठी तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले.

संघमालकांच्या श्रीमंतीचा परिणाम निकालावर होऊ नये म्हणून लीगने प्रत्येक संघाच्या लिलावातील एकूण खर्चाला मर्यादा घातली आहे. २०१९ मध्ये ही मर्यादा ४ कोटी ४० लाख रुपये होती. २०२३ च्या लिलावासाठी ती ५ कोटी करण्यात आली. खेळाडूंची अ, ब, क व ड अशी वर्गवारी असून २०२३ मध्ये त्यांच्या मूळ किमती अनुक्रमे ३० लाख, २० लाख, १३ लाख व ९ लाख रुपये होत्या. नवोदित तरुणांना लिलावाबाहेर घेऊन घडवण्याची स्वतंत्र योजनाही आहे.

या मर्यादेचा परिणाम निकालांत दिसतो. तिसऱ्या ते पाचव्या हंगामांत पाटणा पायरेट्सने सलग ३ विजेतेपदे मिळवली. त्यानंतरच्या सहाव्या ते बाराव्या या ७ हंगामांत ६ वेगवेगळे संघ विजेते ठरले. २०२५ पर्यंतच्या १२ हंगामांत एकूण ८ संघांनी विजेतेपद मिळवले आहे.

एकाच खेळाडूवर मोठी रक्कम लावल्याने यश मिळतेच असे नाही, हेही या मर्यादेमुळे स्पष्ट झाले. दहाव्या हंगामात तेलुगू टायटन्सने आपल्या मर्यादेच्या निम्म्याहून अधिक रक्कम पवनवर खर्च केली आणि संघ २२ सामन्यांपैकी केवळ २ जिंकून तळाला राहिला. त्याआधीच्या हंगामात तमिळ थलायवाजने २ कोटी २६ लाख ५० हजार रुपयांना घेतलेला हाच खेळाडू पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला. तरीही तो संघ उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. दहावा हंगाम जिंकणाऱ्या पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलुई याच्यासाठी २ कोटी ३५ लाख रुपये दिले होते, परंतु संघाचा कणा अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते अशा तरुण खेळाडूंचा होता.

लीगमुळे ग्रामीण खेळाडूला मिळणाऱ्या मोलात मोठी वाढ झाली, हे निर्विवाद आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातील सिद्धार्थ देसाई याला २०१८ मध्ये यू मुंबाने ३६ लाख ४० हजार रुपयांना घेतले आणि पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख रुपये दिले. तथापि ही संधी मोजक्यांनाच लाभते. बारा संघांत मिळून काही शेकडा खेळाडू सामावतात, तर या खेळात घाम गाळणाऱ्यांची संख्या एकट्या कोकणातही त्याहून कितीतरी अधिक आहे. लीगमधील समतोल बारा संघांपुरता आहे. लीगच्या दारापर्यंत येण्याच्या वाटेला तो लागू होत नाही.

महाविद्यालयीन कबड्डी

महाविद्यालयांचे संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरतात. त्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळतो. २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धाही होत आहेत. महाविद्यालयाचा क्रीडाखर्च मुख्यतः विद्यार्थ्यांकडून घेतल्या जाणाऱ्या जिमखाना शुल्कातून भागवला जातो. साहजिकच, विद्यार्थिसंख्या अधिक असलेल्या शहरी महाविद्यालयाकडे अधिक निधी जमतो. लहान ग्रामीण महाविद्यालयात त्याच निधीतून सर्व खेळांचे साहित्य, गणवेश आणि प्रवासभत्ता द्यावा लागतो.

शहरी महाविद्यालये क्रीडा कोट्यातून गुणी खेळाडूंना प्रवेश देतात. दहावी-बारावीत चमकलेला ग्रामीण खेळाडू मुंबई-पुण्याकडे वळतो; तेथे त्याला मॅट, नामांकित क्लब आणि नोकरीची आशा असते. त्याचे मूळ महाविद्यालय व गाव मात्र आपल्या उत्तम खेळाडूला मुकते. या स्थलांतराला दोष देता येत नाही, कारण खेळाडूच्या प्रगतीचा तो बहुधा एकमेव मार्ग असतो.

महाड-पोलादपूर परिसर आणि शिवथर खोरे

महाड व पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले तालुके आहेत. समर्थ रामदासांच्या दासबोधाशी परंपरेने जोडलेली शिवथरघळ याच भागात असून कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर ही गावे तिच्या परिसरात येतात. महाडला १९६१ पासून पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय आहे. पोलादपूरला सुंदरराव मोरे महाविद्यालय आहे. दोन्ही महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. म्हणजे खोऱ्यातील विद्यार्थ्याची स्पर्धा कागदोपत्री मुंबई महानगरातील विद्यार्थ्याशीच असते. विद्यापीठ विभागवार फेऱ्या घेत असल्याने आरंभी त्याची गाठ आसपासच्या महाविद्यालयांशी पडते, परंतु पुढील फेरीत हा आडोसा राहत नाही.

या भागातील विषमतेचे पहिले कारण भौगोलिक आहे. येथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत अतिवृष्टी असते. मातीचे क्रीडांगण चार महिने चिखलाखाली जाते आणि त्याच काळात भातलावणीमुळे तरुणांना उसंतही नसते. महाविद्यालयीन स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यातच सुरू होतो. छप्पर असलेल्या सभागृहात मॅटवर बारमाही सराव करणारा संघ आणि पावसाने सराव थांबलेला संघ अशा वेळी समोरासमोर येतात. शहरात ज्याला सोय म्हणतात, ते सभागृह डोंगराळ कोकणात सरावाची मूलभूत गरज ठरते.

दुसरे कारण रोजगाराचे. येथील अनेक कुटुंबांतील कर्ते पुरुष मुंबई, ठाणे, पनवेल या भागांत नोकरीला असतात. गावच्या क्रीडा मंडळाचा आधार म्हणजे या मुंबईकर मंडळींची वर्गणी. गणवेश, चषक, मंडप आणि प्रकाशझोताची व्यवस्था तिच्यातूनच होते. चाकरमान्यांची संख्या मोठी असलेल्या गावाची स्पर्धा थाटात होते. लहान वाडीला प्रवेशशुल्क व टेम्पोचे भाडे जमवणेही जड जाते. अलीकडे टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धांकडे देणगीदारांचा ओढा वाढल्याने कबड्डीच्या वाट्याला येणारी रक्कम आणखी आटते.

तिसरा मुद्दा बाहेरच्या खेळाडूंचा आहे. रोख पारितोषिके वाढली, तशी संपन्न मंडळे एखाद्या स्पर्धेपुरते नामवंत खेळाडू मानधन देऊन आणू लागली. त्यामुळे खेळाचा दर्जा उंचावतो व प्रेक्षकही जमतात, पण गावातील मुलगा राखीव खेळाडूंच्या बाकावर बसतो. यावर उपाय म्हणून काही आयोजक खेळाडू त्याच गावचा रहिवासी असावा अशी अट घालतात, तर काही ठिकाणी प्रत्येक गावाचा एकच संघ घेतला जातो. मुंबईतील व्यावसायिक व स्थानिक गटांच्या विभागणीमागे जे तत्त्व आहे, तेच येथे गावपातळीवर अवतरलेले दिसते.

महिला कबड्डी

महिलांच्या बाबतीत विषमता अधिक तीव्र आहे. २०१६ मध्ये प्रो कबड्डीच्या जोडीने महिलांची ३ संघांची एक छोटी स्पर्धा घेण्यात आली. तिच्यातील आइस दिवाज संघाचे नेतृत्व मुंबईच्या अभिलाषा म्हात्रे यांनी केले. पुढील हंगामांत ती स्पर्धा चालू राहिली नाही. भारतीय महिला संघाने २०१० व २०१४ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवले असतानाही पुरुषांच्या लिलावातील रकमांच्या जवळपास जाणारे उत्पन्न महिला खेळाडूंना उपलब्ध झाले नाही. शासकीय वा रेल्वेची नोकरी हाच त्यांच्यासाठी मुख्य आधार राहिला. ग्रामीण भागात सायंकाळच्या सरावानंतर घरी परतण्यासाठी वाहन नसणे, हे मुलींच्या बाबतीत खेळ सुटण्याचे एक साधे पण निर्णायक कारण ठरते.

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलशी तुलना

अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉल (हातात चेंडू घेऊन खेळला जाणारा अमेरिकन प्रकार) हा प्रचंड उलाढालीचा खेळ आहे. तेथे दीर्घकाळ खेळाडूंना वेतन देण्यास मनाई होती आणि सर्वोच्च स्तरावर प्रत्येक संघाला ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरचित्रवाणी हक्कांवरील मध्यवर्ती नियंत्रण रद्द केल्यावर बलाढ्य विद्यापीठांच्या गटांनी स्वतंत्र करार केले व उत्पन्नातील दरी रुंदावली. २०१४ ते २०२२ या ९ हंगामांतील ७ राष्ट्रीय विजेतेपदे अलाबामा, क्लेमसन व जॉर्जिया या तीनच विद्यापीठांकडे गेली. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाच्या व प्रतिमेच्या वापरातून पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली. त्याची पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली.

या अनुभवातून दोन गोष्टी दिसतात. खेळाडूला मोबदला नाकारल्याने समतोल राहत नाही, कारण तो पैसा मैदाने, प्रशिक्षक व सुविधा यांच्याकडे वळतो आणि खेळाडू तेथेच आकृष्ट होतात. तसेच खर्चाची मर्यादा उत्पन्नाच्या वाटपाशी जोडली नाही, तर ती मर्यादा गाठणेच दुबळ्या संस्थांना अशक्य होते. महाराष्ट्रातील महाविद्यालयीन कबड्डीत एवढा पैसा नाही. पण सुविधांच्या ओढीने गुणी खेळाडूंनी मोजक्या संस्थांत एकवटणे, ही प्रक्रिया दोन्हीकडे सारखीच आहे.

उपाययोजना आणि त्यांच्या मर्यादा

आजवरच्या उपायांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. गटविभागणीमुळे तुल्यबळ संघांचे सामने होतात, पण वरच्या गटात जाण्याची वाट सुकर होत नाही. खर्चमर्यादेमुळे लीगमध्ये चुरस टिकते, मात्र तिचा लाभ लीगबाहेर पोहोचत नाही. शिष्यवृत्ती व नोकरीतील आरक्षण यांमुळे खेळाडूला व्यक्तिशः आधार मिळतो. परंतु हा आधार प्रावीण्य सिद्ध झाल्यानंतर मिळतो आणि ते सिद्ध करण्यासाठी लागणारी साधने तोवर खेळाडूने स्वतःच जमवायची असतात.

शिवथरसारख्या खोऱ्यातील खेळाडूची अडचण या तिसऱ्या प्रकारात नेमकी दिसून येते. त्याला सवलतीचे गुण नको असतात, तसेच नियमांत सूटही नको असते. तालुक्याच्या ठिकाणी पावसाळ्यात वापरता येईल असे छप्पर, त्याखाली सामायिक मॅट आणि सरावानंतर वाडीपर्यंत जाणारी एसटीची गाडी एवढ्या गोष्टी उपलब्ध झाल्या, तर निवड चाचणीला तो इतरांच्या बरोबरीने उभा राहू शकतो. त्यानंतरचा निकाल चढाई आणि पकड यांवर ठरतो, आणि तो तसाच ठरावा हे या खेळाच्या मूळ नियमांना अभिप्रेत आहे.